गोष्टीतली मुले कोणाची?
(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या पावसाळ्यात वाचनाच्या तासाला पाचवीतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, गोष्टीतली मुसलमान मुलं नेहमी ईदच्या दिवशीच का भेटतात?" मला उत्तर सुचले नाही. "आधी वाच तर खरं," असे म्हणून मी वेळ मारून नेली. मास्तरांची ही जुनी युक्ती आपण जाणताच.

पण असाच प्रश्न अमेरिकेतील एका पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने विचारला होता. चित्रांतली मुले नेहमी गोरीच का? नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी मात्र तो प्रश्न टाळला नाही. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत ६३ प्रकाशकांनी काढलेल्या ५,२०६ बालपुस्तकांचा त्यांनी हिशेब मांडला व १९६५ साली तो 'सॅटरडे रिव्ह्यू'मध्ये छापला. कृष्णवर्णीय माणूस निदान एकदा तरी दिसतो अशी पुस्तके निघाली ३४९, म्हणजे शेकडा ६.७. त्यांतलीही बरीचशी परदेशातली किंवा जुन्या काळातली. आजच्या अमेरिकेत राहणाऱ्या कृष्णवर्णीयांची गोष्ट सांगणारी पुस्तके शेकडा एकसुद्धा भरली नाहीत. आमच्या मुलीची ईदची तक्रार याच जातीची आहे. दिसणे वेगळे आणि रोजच्यासारखे जगताना दिसणे वेगळे.

एझ्रा जॅक कीट्स यांचे 'द स्नोई डे' हे १९६२ चे पुस्तक पाहा. पीटर नावाचा लहानगा बर्फात खेळतो, एवढीच गोष्ट. तो कृष्णवर्णीय आहे हे मजकुरात कोठेही सांगितलेले नाही, चित्रात दिसते. या पुस्तकाला १९६३ चे कॅल्डेकॉट पदक मिळाले. कीट्स स्वतः पोलंडहून आलेल्या ज्यू आईबापांचा मुलगा. तेव्हा दुसऱ्याच्या मुलाविषयी लिहूच नये, असे मी म्हणणार नाही. मात्र पीटरच्या आईचे चित्र लॅरिकबाईंना खटकले होते आणि तसे त्यांनी लिहिलेही. चांगल्या पुस्तकालाही प्रश्न विचारता येतो.

पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बालपुस्तक केंद्राने अशी मोजणी दरवर्षी चालू ठेवली. १९८५ साली सुमारे २,५०० पुस्तकांत कृष्णवर्णीय लेखक वा चित्रकारांची १८ होती! २०१८ च्या पुस्तकांत प्रमुख पात्रे निम्मी गोरी, शेकडा २७ पशुपक्षी वगैरे, आणि बाकी सर्व वर्णांची मुले मिळून शेकडा २३. अस्वले आणि ससे पुढे! सशाशी माझे वैर नाही, पण आकडा बोलका आहे.

हे वाचून मी आमच्या वर्गाचे कपाट उपसले. आपली मुले असलेल्या गोष्टी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या. त्यांतल्या बहुतेकींत शीरखुर्मा होता, शेजारी मित्र होता आणि शेवटी गळाभेट होती. दात दुखणारा, गणितात नापास झालेला, आजीशी भांडणारा मुलगा एकही नाही. आणि कपाटात आदिवासी पाड्यावरचे मूल तर मुळीच नव्हते. हे मी स्वतः कधी पाहिले नव्हते, ही माझी चूक.

पालकहो, पुस्तक घेताना किंमत पाहता तशी चार पानेही चाळा. आपले मूल गोष्टीत काही करते, की नुसते पाहुण्यांना पेढे देते? निर्णय कोण घेतो? चुकतो कोण, हसतो कोण?

कपाट शनिवारी दुपारी उघडे असते. तेथे एक कोरी वही ठेवली आहे. पहिल्या पानावर त्या मुलीने तिचा प्रश्न स्वतःच्या अक्षरात लिहिला आहे. खाली बरीच जागा आहे.