आधी यंत्र थांबवू, मग हात घालू
(पुणे येथील बैठकीतील भाषण)

पुण्यातल्या बागेत पालापाचोळा ओढणारे पेट्रोलचे यंत्र असो की आपल्या खळ्यावरचे मळणीयंत्र, आत फिरणाऱ्या लोखंडाला हात आणि कणीस यांतला फरक कळत नाही.

तोंड तुंबले, तर आधी इंजिन बंद करू. पेट्रोलचे असेल तर प्लगची टोपीही काढू. फिरणे पूर्ण थांबले की मगच कचरा काढू, तोही काठीने. पेट्रोल भरू ते इंजिन निवल्यावर, उघड्यावर. बंद खोलीत इंजिन चालवायचे नाही. धुरातला विषारी वायू वासाने कळत नाही. पदर, सोगा खोचलेला हवा.

मळणीयंत्रात हात जात होते, म्हणून १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांचा कायदा केला. त्यात नुकसानभरपाई आहे. तुटलेली बोटे परत आणण्याची सोय नाही. भावासाठी उगारायची मूठ आपण शाबूत ठेवू.