काढून घेतलेले विजेतेपद



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, काव्य, अर्थकारण यांवर बोलावयाचे असते. फुटबॉलवर नव्हे, असे तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. त्यांनी क्षणभर धीर धरावा. आम्ही सांगणार आहोत ती हकीकत चेंडूची आहे, तशीच ती न्यायाचीही आहे. शिवाय या हकीकतीचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येऊन पोहोचतो.

१८७३ साली महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या तेथील सदाचारी लोकांना ते अर्पण केले. त्या लोकांनी दास्य संपल्यावर जी कामे हाती घेतली, त्यांतले एक वॉशिंग्टन शहरात उभे आहे. १८६७ साली तेथे हॉवर्ड विद्यापीठ स्थापन झाले. मुक्त झालेल्या दासांसाठी नेमलेल्या सरकारी खात्याचे प्रमुख जनरल ऑलिव्हर हॉवर्ड यांचे नाव त्याला दिले गेले. त्याचे दार सर्व वर्णांना उघडे होते. परंतु इतरत्र ज्यांना दार बंद, त्यांचीच तेथे मुख्यतः गर्दी झाली. शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरविणारा १९५४ चा निकाल मिळविण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते थरगुड मार्शल याच विद्यापीठात कायदा शिकले. पुढे ते सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले.

आता या विद्यापीठात फुटबॉल कोठून आला ते पाहू. अमेरिकेत फुटबॉल म्हटले की हातात चेंडू घेऊन धावण्याचा एक निराळाच खेळ समजतात. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, त्याला तेथे सॉकर हे नाव आहे. तेथील तरुणांचा ओढा त्याकडे फारसा नव्हता. परंतु हॉवर्डमध्ये शिकावयास येत होती त्रिनिदादची, जमैकाची, बर्म्युडाची आणि आफ्रिकेतल्या देशांची मुले. इंग्रजांचे राज्य जेथे जेथे गेले, तेथे हा खेळही गेला. आपल्याकडेही तो तसाच आला. या मुलांनी गल्लीबोळांत, समुद्रकाठी, शाळेच्या मैदानावर तो आत्मसात केला होता. पुस्तकांबरोबर ती आपला खेळही घेऊन आली. १९६१ सालीच हॉवर्डने लहान महाविद्यालयांच्या संघटनेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती.

१९७० साली त्रिनिदादचे नामांकित गोलरक्षक लिंकन फिलिप्स हॉवर्डचे प्रशिक्षक झाले. त्याच वर्षी संघाने मोठ्या विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उपांत्य फेरी गाठली. पुढल्या वर्षी, १९७१ मध्ये, हॉवर्डने उपांत्य सामन्यात हार्वर्डला हरविले. दोन नावांत अंतर अगदी थोडे. पैसा, प्रतिष्ठा आणि परंपरा यांत अंतर किती, ते सांगावयास नकोच! अंतिम सामना मायामी येथे झाला. समोर होते सेंट लुइस विद्यापीठ. १९६९ आणि १९७० या दोन्ही वर्षांचे विजेते तेच; त्यांचे बहुतेक खेळाडू त्या एकाच शहरात वाढलेले, एकमेकांचा खेळ ओळखणारे. हॉवर्डने त्यांना ३–२ असे हरविले. मुख्यत्वे कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाने अशी स्पर्धा जिंकण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

हा आनंद टिकला नाही. विद्यापीठांच्या खेळांवर देखरेख करणारी तेथील राष्ट्रीय संघटना आहे. तिने हॉवर्डच्या काही खेळाडूंच्या पात्रतेविषयी चौकशी आरंभिली. चौकशीअंती १९७१ चे विजेतेपद काढून घेण्यात आले, आणि १९७३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत संघाला मज्जाव झाला. ते विजेतेपद दुसऱ्या कोणाला मिळाले असेही नाही. त्या वर्षाची जागा रिकामीच राहिली.

हे कोणत्या नियमांनी घडले, ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण व्याख्यानाचे मर्म तेथेच आहे. नियम मुख्यतः तीन होते. पहिला असा की, विद्यार्थ्याने महाविद्यालयात प्रथम नाव घातल्यापासून पाच वर्षांच्या आत आपले खेळणे संपवावे. दुसरा असा की, प्रवेशाच्या वेळी काही परीक्षांच्या आधारे विद्यार्थ्याला अमुक गुण पडतील असा अंदाज निघाला पाहिजे. तिसरा नियम केवळ परदेशी विद्यार्थ्यांसाठी होता. एकोणीस वर्षे पूर्ण झाल्यावर जो परदेशी मुलगा आपल्या देशात संघटित सामने खेळला असेल, त्याचे तसे प्रत्येक वर्ष विद्यापीठातल्या खेळाचे एक वर्ष धरून वजा करावयाचे!

एक उदाहरण घ्या. समजा आपल्या शहरात कबड्डीचे सामने आहेत. खेड्यातून आलेल्या मुलाला पंच म्हणतात, “तू गावाकडे दोन वर्षे खेळलास, तेव्हा येथली तुझी दोन वर्षे गेली.” शेजारच्या पेठेतला मुलगा तितकीच वर्षे पेठेच्या संघातून खेळला, त्याचे मात्र काहीच वजा नाही. दोघांचे वय एक, सराव एक. फरक इतकाच की एक बाहेरचा आणि एक घरचा. याला नियम म्हणावयाचे की कुंपण?

संघटनेच्या बाजूनेही बोलण्यासारखे काही होते, ते आम्ही लपविणार नाही. वयाने आणि अनुभवाने मोठे झालेले परदेशी खेळाडू भरती करून कोवळ्या विद्यार्थ्यांसमोर उभे करू नयेत, हा हेतू वाईट नव्हता. पण वयाचीच अडचण होती, तर सर्वांना सारखी वयोमर्यादा घालावयास कोणी अडविले होते?

हॉवर्डने दंगा केला नाही. ज्या विद्यापीठाने कायदेपंडित घडविले, ते न्यायालयात गेले. मोरी दियाने हा खेळाडू विद्यापीठाबरोबर फिर्यादी होता. १९७३ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने परदेशी विद्यार्थ्यांचा तो नियम घटनाबाह्य ठरविला. परका म्हणून त्याला निराळे माप लावणे समतेच्या तत्त्वात बसत नाही, असे ठरले. १९७५ साली वरिष्ठ न्यायालयानेही तेच कायम केले. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, त्याच अमेरिकेत, एका मैदानाच्या निमित्ताने हा प्रश्न पुन्हा विचारला गेला होता.

परंतु श्रोतेहो, कथा येथे संपविली तर ती अर्धसत्य होईल. न्यायालयाने उरलेले दोन नियम रद्द केले नाहीत. त्यांतला गुणांच्या अंदाजाचा नियम तर संघटनेने १९७३ मध्ये आपण होऊनच मागे घेतला होता. काढून घेतलेले विजेतेपद काही परत आले नाही. म्हणजे हॉवर्ड तत्त्वात जिंकले आणि व्यवहारात हरले. न्याय असा अर्ध्यावर मिळाला म्हणजे माणसाने काय करावे? आपल्यापैकी किती जणांच्या आयुष्यात हा प्रसंग आला असेल! कोणी कडवट होतो, कोणी जन्मभर कागद घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढतो, कोणी खेळच सोडून देतो.

त्या मुलांनी यातले काहीच केले नाही. १९७३ चे वर्ष बंदीत गेले. १९७४ साली ती पुन्हा मैदानात उतरली. त्या वर्षी हॉवर्ड एकोणीस सामने खेळले आणि एकोणीसही जिंकले. एकूण ६३ गोल केले, स्वतःवर होऊ दिले अवघे सहा. अंतिम सामन्यात दैवाने पुन्हा तोच प्रतिस्पर्धी समोर आणला; सेंट लुइस विद्यापीठ, मधल्या १९७२ आणि १९७३ या दोन्ही वर्षांचे विजेते. सामनाही त्यांच्याच शहरात, त्यांच्याच माणसांच्या गजरात. ठरलेल्या वेळात बरोबरी झाली. वाढीव वेळ दिला. तरी निकाल नाही. पुन्हा दिला, पुन्हा दिला. चौथ्या वाढीव डावात केनेथ इलोडिग्वे या खेळाडूने गोल केला आणि हॉवर्डने २–१ अशी बाजी मारली. या वेळी कोणालाही काही काढून घेता आले नाही. १९८८ मध्ये हॉवर्ड पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. तेव्हा इंडियाना विद्यापीठाकडून ०–१ अशी हार पत्करावी लागली. ती हार मैदानावरची होती. तिचे दुःख निराळे, निर्मळ.

यातून आम्ही काय घ्यावे? सेंट लुइसचे खेळाडू या कथेतले खलपुरुष नव्हेत. ते उत्तम खेळले, आणि त्यांच्यासारखा प्रतिस्पर्धी होता म्हणूनच हॉवर्डच्या विजयाला मोल आले. दोष होता मापात. माप दोन असले की जिंकणाऱ्याचा विजय आणि हरणाऱ्याची हार, दोन्ही खोटी ठरतात. म्हणून जो समाज खेळाडूला सचोटी शिकवतो, त्याने आधी आपले माप तपासावे. आपल्या तालमीत, शाळेत, सोसायटीच्या निवडणुकीत, नोकरीच्या मुलाखतीत आपण घरच्याला एक आणि बाहेरच्याला दुसरे माप लावतो काय, हे ज्याचे त्याने घरी गेल्यावर स्वतःला विचारावे.

आणि ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्यासाठीही यात एक शब्द आहे. हॉवर्डने दोन्ही वाटा धरल्या. न्यायालयातली वाट सोडली नाही, आणि निकालाची वाट पाहत सरावही सोडला नाही. केवळ खटला लढविला असता, तर हाती निकालपत्र राहिले असते. केवळ खेळ केला असता, तर तो नियम पुढल्या मुलांच्या वाटेत तसाच उभा राहिला असता. १९७१ ची जागा आजही अधिकृत यादीत रिकामी आहे. त्या रिकाम्या जागेखाली, दोन ओळी सोडून, १९७४ समोर हॉवर्डचे नाव लिहिलेले आहे. त्या दोन ओळी एकत्र वाचाव्यात, एवढेच आम्हांला सांगावयाचे होते.