अंगठा कोणाचा, अक्षर कोणाचे?

(शेतकरी व कामकरी बंधुभगिनींच्या सभेत मराठी शाळेच्या एका शिक्षकाने केलेले भाषण)



‘आधुनिक यंत्रे आणि मानवी समाज’ असा भलामोठा विषय आम्हास देण्यात आला आहे. आम्ही पडलो खेड्यातल्या मराठी शाळेचे मास्तर. ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडल्यापासून मुलांना अक्षरे गिरवायला लावणे हाच आमचा धंदा. विलायतेत यंत्रांनी काय उलथापालथ केली हे सांगणारे विद्वान पुष्कळ आहेत; ते काम त्यांचे त्यांनी करावे. आम्ही फक्त आपल्या हाताच्या अंगठ्याविषयी बोलणार आहोत. कारण गेल्या पंधरा वर्षांत नव्या यंत्राने गरिबाच्या शरीराचा कोणता भाग पकडला असेल, तर तो अंगठा होय.

अंगठ्याची आणि आपली ओळख जुनी आहे. ज्याला अक्षर येत नाही त्याने कागदाच्या तळाशी अंगठा उठवावा, आणि वर काय लिहायचे ते लिहिणाऱ्याने ठरवावे, अशी रीत होती. शंभर घेतले की दोनशे, व्याज किती, गहाण की खरेदी, हे सारे शाईवाल्याच्या मर्जीवर. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठला, आणि त्याचे लोण नगर जिल्ह्यातही पोहोचले. या दंग्यांत एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. सावकाराकडील खते व रोखे मागून घ्यायचे आणि जाळायचे, हा त्यांचा मुख्य उद्योग. ज्याला ओळीतले एक अक्षर लागत नव्हते, त्यालाही हे पक्के समजले होते की आपल्या गळ्यातला फास सुताचा नसून शाईचा आहे!

पुढे सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. शेतकऱ्याचे कर्जाचे दस्त गावच्या रजिस्ट्रारसमोर व्हावेत, असे त्यात घातले. याचा अर्थ काय? अंगठा खरा असला तरी त्यावरचा मजकूर खोटा असू शकतो, हे खुद्द कायद्याने कबूल केले. परंतु रजिस्ट्रार नेमल्याने शेतकऱ्याला वाचता येत नाही. हे वर्म जोतीराव फुले यांनी ओळखले होते. १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन करताना त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, आणि दुसऱ्याच वर्षी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ साली मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९१८ साली वतनी कुलकर्णी दूर करून पगारी तलाठी नेमले. या दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या, यात आम्हास मोठा बोध दिसतो. दप्तर एका घराण्याच्या हातून काढून घेणे हे अर्धे काम. ते दप्तर वाचणारी रयत तयार करणे हे उरलेले अर्धे.

आता यंत्राकडे वळू. बोटाच्या ठशावरून माणूस ओळखण्याची विद्या आपल्याच देशात वाढली आहे. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने एका देशी ठेकेदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला, तो एवढ्यासाठी की गड्याने पुढे करार नाकारू नये. १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी उघडली. ठशांची वर्गवारी लावण्याचे किचकट काम अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या देशी नोकरांनी केले, आणि जगात त्या पद्धतीला नाव मिळाले त्यांचे वरिष्ठ हेन्रीसाहेब यांचे! मेहनत एकाची आणि मालकी दुसऱ्याची, हा आपल्या ओळखीचा प्रकार यंत्रविद्येतही आहेच.

पुढे २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या खेड्यात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. तेथून अंगठा घरोघर यंत्राला जोडला गेला. रेशन घ्यायचे तर अंगठा, बँकेतून पैसे काढायचे तर अंगठा. कालपर्यंत ज्याला ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हिणवीत, त्याच्या पंगतीला आज शिकलासवरलाही येऊन बसला आहे. आहे की नाही गंमत? पण गंमत येथेच संपते. कचेरीत खुर्चीवर बसणाऱ्याचा अंगठा यंत्र चटकन ओळखते. ज्या बाईने जन्मभर खुरपे चालविले, ज्या गड्याने विटा वाहिल्या, पाथरवटाची छिन्नी धरली, त्याच्या बोटावरच्या रेषा झिजून गेलेल्या. त्याला यंत्र म्हणते, ‘तू तो नव्हेस!’ ज्याने कष्ट केले त्याचीच ओळख कष्टाने पुसली, आणि ओळख पटत नाही म्हणून त्याच्या पोटाचे धान्य अडले. यापरता अन्याय तो कोणता? अन्नसुरक्षेचा कायदा २०१३ चा आहे. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य, आणि प्राधान्य गटात माणशी ५ किलो, हा त्या कायद्याने दिलेला हक्क आहे. हा हक्क माणसाचा आहे, त्याच्या अंगठ्यावरील रेषांचा नव्हे.

तथापि आम्ही यंत्राचे वैरी नव्हे. जे चांगले ते चांगले म्हटलेच पाहिजे. मेलेल्या माणसांच्या नावावर रेशन उचलणाऱ्यांची यंत्राने पंचाईत केली. सातबाऱ्याच्या एका उताऱ्यासाठी चार खेपा घालाव्या लागत, ‘भाऊसाहेब तालुक्याला गेले आहेत’ हे पालुपद ऐकावे लागे; २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळतो. एके काळी ज्या दप्तराचे फडके सोडायला विनवण्या कराव्या लागत, ते दप्तर आज आपल्या खिशातल्या फोनवर उघडते. आपल्या आजोबांना हे सांगितले असते तर त्यांनी आम्हास वेड्यात काढले असते.

मग दुखते कोठे? ऐका. यंत्र खरे-खोटे जाणत नाही. जे भरले ते छापते. हाताने लिहिलेले सातबारे संगणकात चढविताना कोठे क्षेत्राचे गुंठे कमी झाले, कोठे बापाचे नाव बदलले, तर कोठे वारस बहिणीचे नाव गळाले. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला आहे. पण उताऱ्यावर नावच नसेल तर तो हक्क तिने दाखवावा कोठे? चूक दुरुस्त करण्यासाठी जमीन महसूल कायद्यात १५५ वे कलम आहे, तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. फेरफार मंजूर होण्यापूर्वी हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते. ती चावडीवर लागते आणि हल्ली ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावरही दिसते. २०१७ साली उतारे वाचून दाखविण्यासाठी गावोगाव चावडीवाचनही ठेवले होते. आमच्या गावात त्या वाचनाला किती माणसे होती म्हणाल, तर बैलगाडीत मावतील एवढी! दार उघडे होते, पण आत कोणी गेले नाही.

२०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून फोनवर करायची आहे. उत्तम गोष्ट! बांधावर न येता चावडीत बसून पीक लिहिण्याची जुनी खोड त्याने मोडेल. पण फोन नसेल, रेंज नसेल, किंवा हात चालत नसेल, तर शेतकरी जातो तो गावातल्या फोनवाल्या पोराकडे. आणि येथेच, बंधूंनो, नवा कुलकर्णी जन्माला येतो. त्याची जात पाहू नका. तो बहुतेक आपल्याच भावकीतला असतो. त्याच्या एका हातात आपला फोन, दुसऱ्या हातात आपला अंगठा, आणि फोनवर आलेला गुप्त आकडा आपणच त्याला मोठ्याने वाचून दाखवितो! ‘लागला नाही, पुन्हा लाव’ असे म्हणून दोनदा अंगठा घ्यायचा आणि दोनदा पैसे काढायचे, या लबाडीला बळी पडलेल्या म्हाताऱ्या थोड्या नाहीत. आम्ही वतन एका जातीच्या हातून काढले म्हणून फुशारकी मारतो. पण किल्ली आपल्या शेजाऱ्याच्या कमरेला गेली आणि कुलूप तसेच राहिले, तर आपण मिळविले काय?

१८७५ साली कागद जाळता आला. आज काय जाळाल? फोन फोडला तरी नोंद जेथे आहे तेथे राहते. तेव्हा यंत्रावर राग काढून उपयोग नाही, आणि त्याची पूजा करूनही नाही. ते वाचायला शिकणे हाच एक मार्ग आहे. त्यासाठी चार गोष्टी सुचवितो. एक, प्रत्येक घराने आपला सातबारा आणि आठ-अ वर्षातून एकदा घरातल्या सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावा. लेकीसुनांनी तो ऐकावा, आपले नाव आहे की नाही पाहावे. दोन, यंत्रावर काय लिहिले आहे ते समजल्याशिवाय अंगठा लावू नये, पैसे काढल्यावर पावती घ्यावी, आणि गुप्त आकडा पोटच्या पोरालाही विचार करूनच सांगावा. तीन, अंगठा उमटत नाही म्हणून धान्य नाकारले तर मुकाट्याने परतू नये. डोळ्यांवरून ओळख पटवून घ्या म्हणावे, आणि तेही न जमल्यास लेखी तक्रार तहसील कचेरीत द्यावी. चार, ग्रामसभेत हा विषय दरवेळी काढावा, म्हणजे एकट्याचे गाऱ्हाणे गावाचे होईल.

आम्ही शिक्षकांनी काय करावे, असे कोणी विचारील. आम्ही शाळेचा वर्ग सांजेला उघडा ठेवण्यास तयार आहोत. चौथीची मुले फोनवर खेळ खेळतात. तीच मुले आजीला तिचा उतारा वाचून दाखवू लागली, तर त्याहून मोठी परीक्षा आम्हास घ्यावयाची नाही. बिगारीपासून आजवर आपण अक्षराला भ्यालो, कारण ते दुसऱ्याचे होते. आता ते आपल्या खिशात येऊन बसले आहे. तेव्हा उद्या संध्याकाळी दिवेलागणीला आपापले उतारे घेऊन शाळेत या. बायकांनी आधी यावे.