घाटातील मालगाडी आणि इंधनाचा हिशेब
(पोशेरा, तालुका मोखाडा येथील व्याख्यानाचा मजकूर)



मोखाडा तालुक्यात रेल्वेचा रूळ नाही. तथापि रास्त भाव दुकानातील धान्य, भाताचे खत आणि शाळेच्या इमारतीचे सिमेंट यांचा बराचसा प्रवास मालगाडीनेच झालेला असतो. त्या प्रवासास लागणारे इंधन अखेर मालाच्या किमतीत मिळते. म्हणून हा विषय पोशेऱ्यास परका नाही.

सपाट, सरळ रुळावर एक टन माल संथ गतीने ओढण्यास साधारणतः 2 ते 3 किलो वजनाइतका जोर पुरतो. डांबरी रस्त्यावर मालमोटारीच्या रबरी चाकांना तोच जोर 6 ते 10 किलोंइतका लागतो. रेल्वेच्या काटकसरीचे मूळ येथे आहे. परंतु चढ लागला की हा लाभ झपाट्याने आटतो. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट 1865 साली खुला झाला. तेथे 37 मीटर अंतरास 1 मीटर चढ आहे. या चढावर प्रत्येक टनामागे केवळ गुरुत्वाकर्षणावर मात करण्यासाठी 27 किलोंचा जादा जोर लागतो आणि त्यात रूळ व डांबर असा भेद उरत नाही. भरल्या बैलगाडीस चढावर जादा जोड लावतात, तद्वत कसाऱ्यास गाडीच्या मागे ‘बँकर’ इंजिने जोडून ती वर ढकलतात.

हा घाट सुमारे 14 किलोमीटरांत सुमारे 300 मीटर चढतो. एक टन माल तेवढा उचलण्यास पाऊण युनिटाहून थोडी अधिक वीज लागते. 3,000 टनांच्या गाडीस 2,400 युनिटांहून अधिक. इंजिनातील व तारांतील घट वेगळीच. मात्र हीच गाडी उतरताना ती शक्ती परत देऊ शकते. डिझेल इंजिन उतारावरील शक्ती उष्णतेच्या रूपाने हवेत सोडून देते. विजेच्या इंजिनाच्या मोटारी उलट जनित्राचे काम करून वीज तारेत परत पाठवू शकतात. ही युक्ती नवी नव्हे. इगतपुरीपर्यंत विद्युतीकरण 1930 साली झाले, त्या काळात आलेल्या व रेल्वे कामगारांनी ‘खेकडा’ म्हणून ओळखलेल्या इंजिनांतही तिची सोय होती. उतरणाऱ्या गाडीने दिलेली वीज त्याच वेळी चढणाऱ्या गाडीस मिळावी, यासारखी सुरेख देवघेव दुसरी क्वचितच आढळेल.

जुनी व्यवस्था 1,500 व्होल्टांची होती. दाब कमी असल्याने प्रवाह मोठा, आणि प्रवाह मोठा म्हणून तारांतील घटही मोठी. घाटासह मुंबईकडील सर्व मार्ग टप्प्याटप्प्याने 25,000 व्होल्टांवर आले. जुन्या प्रवाहावरील अखेरची लोकलगाडी हार्बर मार्गावर एप्रिल 2016 मध्ये धावली.

पालघर जिल्ह्याच्या पश्चिम भागातून जाणारा समर्पित मालवाहतूक मार्ग याच हिशेबावर आखलेला आहे. दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर अशा 1,506 किलोमीटरांच्या या मार्गाचा चढ 200 मीटरांस 1 मीटरपेक्षा तीव्र नसावा, असे धोरण आहे. म्हणजे टनामागे जादा जोर 27 ऐवजी 5 किलोच.

थांबे हाही मोठा खर्च होय. ताशी 60 किलोमीटर वेगाची 4,000 टनांची गाडी थांबवून पुन्हा त्याच वेगास आणण्यास किमान दीडशे युनिट लागतात. दोन-चार दिवे व एक पंखा असलेल्या पाड्यावरील घरास तेवढी वीज कित्येक महिने पुरेल. रुळावर मोकाट आलेल्या गुरांमुळे गाडी थांबते, तेव्हा हा खर्च कोणाच्याच वहीत दिसत नाही.

रेल्वेची काटकसर मालधक्क्यावर संपते. त्यापुढे विहिगाव, खोडाळा असा डोंगरातून येणारा प्रवास डिझेलवरच होतो. आणि माल उतरवून मोटार रिकामी परतली, तर परतीच्या वाटेचे डिझेलही त्याच पोत्यांवर चढते. खत एका वेळी कोणत्या गावांनी मागवावे आणि परतीस नाचणी, वरई वा अन्य माल कोणाकडून मिळेल, एवढी माहिती शेजारच्या ग्रामपंचायतींनी पेरणीपूर्वी एकत्र मांडली, तर तालुक्यातील मोटारींच्या काही फेऱ्या वाचू शकतील.