वसईचा दुभाष्या : संत गोन्सालो गार्सिया



हुतात्मा हा शब्द आपल्या जिभेवर नेहमीचा आहे. पण वसईत जन्मलेला एक हुतात्मा आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. तो ख्रिस्ती होता व जपानात क्रुसावर मेला, एवढ्यावरून आम्ही त्याला परका मानावे काय, हा आजचा प्रश्न आहे.

गोन्सालो गार्सियाचा जन्म १५५६-५७ च्या सुमाराचा. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. जेझुइट पाद्र्यांच्या हाताखाली शिकून तो कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला व तिथली भाषा त्याने आपलीशी केली. जेझुइट संघात त्याला प्रवेश मिळाला नाही. मग त्याने व्यापार केला, त्यात जम बसवला, आणि तोही सोडून मनिलात फ्रान्सिस्कन संघाचा साधा सेवक-बंधू झाला. पुरोहितपद त्याला कधीच नव्हते.

१५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने पेद्रो बाप्तिस्ता या साधूला जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकील म्हणून धाडले. बरोबर दुभाष्या गेला तो हा वसईकर. हिदेयोशी मनिलाकडून शरणागती मागत होता. दोन उन्मत्त सत्तांच्या मधे उभे राहून एकीचे बोल दुसरीच्या कानी घालणे म्हणजे सुळावरची पोळीच! तरीही या मंडळींना क्योतोत राहण्याची मुभा मिळाली, आणि तेथे त्यांनी महारोग्यांची शुश्रूषा आरंभली.

पुढे १५९६ च्या ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत वादळात सापडून तोसाच्या किनाऱ्याला लागले. माल जप्त झाला. तेव्हा त्यावरील सुकाणूवाल्याने, आमचा राजा आधी पाद्री धाडतो व मागून फौज, अशी फुशारकी मारली, असे सांगतात. पाद्र्यांच्या हद्दपारीचा हुकूम तर १५८७ मध्येच निघालेला होता. आता संशयाचा भडका उडाला.

क्योतोत चोवीस जणांच्या डाव्या कानाचा लचका तोडून धिंड काढण्यात आली. ऐन थंडीत सुमारे महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत नेले. वाटेत आणखी दोघांची भर पडली. सव्वीसांत परदेशी अवघे सहा. बाकी सारे जपानचेच रहिवासी. सर्वांत धाकटा लुईस इबाराकी १२ वर्षांचा! ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सर्वांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.

आता कोणी विचारील, हिदेयोशीचा संशय अगदीच निराधार होता काय? आम्ही तसे म्हणणार नाही. वसईवर १५३४ पासून पोर्तुगीज सत्ता होती. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या लेण्याचे चर्च करणारे साधू फ्रान्सिस्कनच होते. धर्मप्रसार कोठे संपतो आणि परसत्ता कोठे सुरू होते, हा प्रश्न नागपूरलाही नवा नाही. नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असताना, १९५४ साली, त्या सरकारने याच विषयासाठी नियोगी समिती नेमली होती. तिच्या १९५६ च्या अहवालावर वादही पुष्कळ झाला.

परंतु राजाच्या पापाचा झाडा प्रजेतील एका सेवकाकडून घ्यावयाचा काय? गोन्सालोच्या हाती ना तोफ होती ना तलवार. होती ती परक्यांची भाषा आणि महारोग्यांची सेवा. लेणे बळकावले गेले याची खंत बाळगूनही या माणसापुढे मस्तक नमवता येते. सत्तेचा हिशेब सत्तेशी करावा, माणसाचा माणसाशी. एवढा विवेक ज्या समाजापाशी असेल, त्याला दुसऱ्याच्या हुतात्म्याचे भय वाटणार नाही.