एक चंद्र, दोन पंचांगे

(ईट, ता. भूम येथील व्याख्यानाचा संपादित भाग)



आषाढाची चाहूल लागली की या परिसराचे चित्त पंढरीकडे ओढ घेते. पैठणहून निघालेली एकनाथ महाराजांची पालखी खर्डा, दांडेगाव, अनाळे, परंडा या वाटेने पुढे जाते. २९ जून २०२३ रोजी मात्र महाराष्ट्रातील गावोगावच्या शेजारधर्माची परीक्षा होती. त्या दिवशी आषाढी एकादशी होती आणि बकरी ईदही. एका घरी उपवास, तर भिंतीपलीकडे कुर्बानी! आदल्या वर्षी, १० जुलै २०२२ रोजीही हाच योग आला होता.

हा योग आकस्मिक नव्हे. दोन्ही पंचांगांतील महिने चंद्राच्याच गतीने चालतात. एकादशी ही शुद्ध पक्षातील अकरावी तिथी, तर बकरी ईद ही जिल्हज महिन्याची दहावी तारीख. आणि तो महिना चंद्रदर्शनानंतर सुरू होतो. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे; त्यात अधिक मास नाही. त्यामुळे ईद दरवर्षी मागे सरकत सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंची फेरी पूर्ण करते. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि पुढील वर्षी हे दोन सण महिन्याच्या अंतराने दूर गेले.

त्या दिवशी काय घडले? पंढरपूरसह राज्यातील अनेक गावांच्या मुस्लिम समाजाने एकादशीला कुर्बानी न देण्याचा निर्णय घेतला. ईदची नमाज झाली, गळाभेटी झाल्या. कुर्बानी तेवढी पुढे गेली. भारतात बहुसंख्येने पाळल्या जाणाऱ्या हनफी परंपरेनुसार कुर्बानीस तीन दिवसांची मुभा आहे. म्हणजे धर्म सोडावा लागला नाही. धर्मशास्त्राने दिलेली मोकळीक शेजाऱ्याच्या श्रद्धेसाठी वापरली गेली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आल्या, तेव्हा मुंबईतील मिरवणूकही दुसऱ्या दिवशी काढण्यात आली.

या संयमाचे मोल तो स्वेच्छेचा असण्यात आहे. धाकाने मिळविलेली शांतता दुसऱ्या सणापर्यंतही टिकत नाही. आणि येथेच बहुसंख्य समाजाचे दायित्व सुरू होते. ज्याने आपल्या उपवासासाठी एक दिवस मागे घेतला, त्याचा दुसरा दिवस कायद्याच्या चौकटीत निर्वेध पार पडावा, याची काळजी कोणी वाहायची? अर्थातच शेजाऱ्याने. गुणगान करावयाचे आणि दुसऱ्या दिवशी वाट अडवावयाची, हे वारकऱ्याला शोभणारे नाही.

हा संबंध केवळ भावनेचाही नाही. या जिल्ह्याच्या जुन्या नावाने देशभर ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी येथील कोरडवाहू शेतकऱ्याचा आधार आहे. ईदच्या बाजारात विकलेल्या बोकडाचे पैसे कित्येक हिंदू घरांत बी-बियाण्यांसाठी येतात. शेजारच्याच बीड जिल्ह्यातील वाहिऱ्याशी ज्यांचे नाव जोडले जाते, ते ‘योगसंग्राम’कर्ते शेख महंमद तर वारकरी संतांच्या मांदियाळीतलेच.

आषाढीला ईद पुन्हा गाठील तेव्हा आजची शाळकरी मुले गावचा कारभार पाहत असतील. त्यांना दाखवायला कोणताही लेखी करार आपल्यापाशी नाही. मधल्या प्रत्येक ईदला आणि प्रत्येक एकादशीला आपण कसे वागलो, एवढेच त्यांच्या स्मरणात राहणार आहे.