सरणावर काय ठेवावं, घरात काय ठेवावं

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही विद्वान वक्ता नाही. सातवीपर्यंत शिकलो, मिल बंद पडेपर्यंत साच्यावर उभा राहिलो, आणि जे काही वाचलं ते रात्रपाळीवरून आल्यावर याच विहाराच्या कपाटातून. वर्धापनदिनाला मरणाचा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण वस्तीत कुणी गेलं की तिरडीपासून जलदानापर्यंत मलाच बोलावणं येतं. म्हणून माझ्या हातून झालेली चूक आज तुमच्यापुढे मांडतो.

१९९६ साली माझे वडील वारले. तेही साचेखात्यातच होते. आंघोळ घालून त्यांना पांढऱ्या वस्त्रात ठेवलं. तेवढ्यात माझी आत्या पुढं आली आणि भावाची तंबाखूची चंची तिनं त्याच्या उशाशी ठेवली. मी तेव्हा तरुण, डोक्यात चळवळ. सगळ्यांदेखत ती चंची उचलून बाजूला फेकली. म्हणालो, "आत्या, परलोक नाही, आत्मा नाही, मग तंबाखू खायला हे जाणार कुठं? बावीस प्रतिज्ञा विसरलीस काय?" आत्या काही बोलली नाही. आणि तोच मी, सरण पेटवायच्या आधी, वडिलांचा मिलचा पास त्यांच्या छातीवर ठेवला. कामगार म्हणून जगले, कामगार म्हणून जाऊ देत, असं मोठ्या अभिमानानं म्हणालो.

पुढं सरकारनं गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज मागवले. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असलेल्यांना, ते नसतील तर वारसांना हक्क होता. पण पुरावा पाहिजे. आई विचारायची, "अरे, त्यांचा पास कुठं ठेवलास?" मी काय सांगणार! तिच्या ट्रंकेच्या तळाशी फंडाची एक जुनी पावती सापडली म्हणून अर्ज तरी भरता आला. बांधवांनो, जी वस्तू जाळायला हरकत नव्हती ती मी अडवली, आणि जी जपायची होती ती जाळून बसलो.

मग मी विचार करू लागलो. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, ही आपली प्रतिज्ञा आहे. मेलेल्याला वाटेत लागेल म्हणून पैसा, भाकरी, भांडं ठेवणं हे पिंडदानाचंच भावंड आहे. ते नकोच. पण आठवण म्हणून काही ठेवणं वेगळं. ते मेलेल्यासाठी नसतं, ते आपल्यासाठी असतं.

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर कुशीनगरला अस्थींचे आठ भाग झाले. वाटणी करणाऱ्या द्रोणानं स्वतःसाठी फक्त मोजायचं भांडं मागून घेतलं. पिप्पलीवनाचे मोरिय उशिरा पोचले, त्यांच्या वाट्याला राहिलेले निखारे आले. त्या भांड्यावर आणि त्या निखाऱ्यांवरही स्तूप उभे राहिले. आपल्या बाबासाहेबांना ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर अग्नी दिला. पण त्यांचे कपडे, त्यांचा टाइपरायटर नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात जपून ठेवले आहेत. ते पाहून आपली पोरं अभ्यासाला लागतात. म्हणजे काय, तर सगळंच अग्नीला द्यायचं नसतं.

२०१४ साली आई गेली. ती साठीत असताना याच विहारात सही करायला शिकली होती. तिची पाटी आणि चष्मा आम्ही घरात ठेवला. सरणावर तिची विहारात नेसायची पांढरी सुती साडी दिली. नातवंडांनी एकेका कागदावर आजीला एकेक ओळ लिहिली, वाचून दाखवली, आणि ते कागद तिच्या हातात ठेवले. त्रिशरण-पंचशील झालं. आत्या तेव्हा ऐंशीच्या घरात. मी तिच्यापाशी गेलो, म्हटलं, "आत्या, तुला काय ठेवायचंय ते ठेव. त्या दिवशी माझं चुकलं." ती म्हणाली, "लेकरा, ती चंची तुझ्या बापासाठी नव्हती रे. रोज मी त्याला चिमूट मळून द्यायची. माझ्याच हाताला चैन पडत नव्हती." अठरा वर्षं ती बाई हे मनात घेऊन बसली होती.

आता थोडं व्यवहाराचं. सरणावर ठेवायचं ते सुती कापड, कागद, फुलं एवढंच असावं. प्लास्टिक, नायलॉन, रबर, काचेची बाटली, सेलचं घड्याळ ठेवू नये. विद्युतदाहिनी असेल तर आधी तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारावं. छातीत पेसमेकर बसवलेला असेल तर तो आधी डॉक्टरांकडून काढून घ्यावा, तो आगीत फुटतो. आणि पास, पावत्या, दाखले, पुस्तकं, हस्ताक्षराच्या वह्या जाळू नका. ते पुढच्या पिढीचं धन आहे. म्हाताऱ्यांना जिवंतपणीच विचारा, "तुमच्याजवळ काय ठेवू, आणि आम्हाला काय ठेवून जाल?" या विचारण्यात अशुभ काही नाही.

कार्यकर्त्यांना एकच विनंती. अंधश्रद्धेवर जरूर तुटून पडा, पण रडणाऱ्या बाईच्या हातातली वस्तू हिसकावण्याआधी तिला विचारा, ही कशासाठी? मी विचारलं नव्हतं.

एवढं बोलून माझे दोन शब्द संपवतो. नमो बुद्धाय, जयभीम!